ॲसिडवर सोडा

“माणूस रोगानं मरत नाही, गाफीलपणानं मरतो,” असं शंकररावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या नाकावर, गालांवर आणि हनुवटीवर मुलतानी माती वाळत होती. मातीमुळे ओठ पुरते उघडेनात, त्यामुळे हे महावाक्य अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून माणसानं वाकून बाहेर यावं तसं आलं. ऐकायला घरात त्यांच्या पत्नी सुंदराबाई एकट्याच होत्या, आणि त्या मेथी निवडत होत्या.

“वाळेस्तोवर बोलायचं नाही, असं मनाली बजावून गेलीय,” त्या म्हणाल्या. “तडे जातात.”

मनाली म्हणजे सून. माती तिचीच. आपल्या रूपासाठी आणलेला डबा साठी उलटलेल्या सासऱ्यावर संपवावा लागेल, असं तिला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. पण शंकररावांच्या तोंडावर मुरमं उठली होती, आणि तीही अशी, की सोळाव्या वर्षीसुद्धा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. बदलापूरजवळच्या खरवईत त्यांच्या नव्या इमारतीत जिन्यावर भेटणारी माणसं आधी हसत. मग कारण कळलं की हसू कुठं ठेवावं ते न सुचून लिफ्टबद्दल बोलायला लागत. लिफ्ट अजून बसायची होती, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता.

कारण फुफ्फुसाचं होतं. डाव्या फुफ्फुसात गाठ, आणि गाठ चांगल्या घरातली नव्हती. शंकररावांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता; म्हणजे ओढायला लावला नव्हता. जप्त करायला रोज लावत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पितळेच्या कारखान्यात ते ॲसिडच्या खात्यात होते आणि नंतर सेफ्टी कमिटीवर गेले. गेटवर उभं राहून लोकांच्या खिशातल्या काड्यापेट्या आणि विड्यांची बंडलं काढून घ्यायचं काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की एकदा खुद्द मॅनेजरचा लायटर त्यांनी काढून घेतला होता. ज्यांची बंडलं काढून घेतली ते बरेचसे अजून बदलापूरच्या बाजारात ठणठणीत दिसत. शंकरराव त्यांच्याकडे बघत आणि काही बोलत नसत. निसर्गाच्या कारभारावर कमिटी नाही, हे त्यांना पटलं होतं.

साल दोन हजार सहा. सलाईनमधून द्यायची औषधं त्यांना सोसतील की नाही, याची उल्हासनगरला बसणाऱ्या डॉक्टर उमा मॅडमना शंका होती, म्हणून त्यांनी रोज एक घ्यायची नवीन गोळी सुरू केली होती. गोळी देताना मॅडमनी नियम सांगितले. रोज ठरल्या वेळी, साध्या पाण्याबरोबर. पपनस आणि त्याच्या कुळातलं फळ बंद. चूर्ण, काढा, भस्म काही घ्यायचं असेल तर आधी मला विचारा. ॲसिडिटीची गोळी तर विचारल्याशिवाय अजिबात नको. तोंडावर पुरळ येईल, जुलाब होतील, घाबरू नका, पण सांगा. आणि खोकला एकदम वाढला किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघून या.

मुलगा विक्रांत हे ऐकताना नुसता मान हलवत होता. शंकरराव मात्र खुर्चीत ताठ बसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

घरी आल्यावर त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला सुरुवात केली.

खरवई गावातला आनंदा हा त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. बाप-आजापासूनची भातशेती होती, त्यातली बरीचशी आता इमारतींखाली गेली होती. परड्यातलं पपनसाचं झाड तेवढं राहिलं होतं. तो दोन हातांत मावेना असलं फळ घेऊन जिना चढून आला, आणि दारातच अडवला गेला.

“पपनस आत जाणार नाही,” शंकरराव म्हणाले.

“अरं, माझ्या झाडाचा हाय. इख नाय.”

“झाड तुझं असेल. नियम माझा आहे. पपनसानं गोळीचं औषध अंगात साठून राहतं आणि प्रमाणाबाहेर चढतं, असं मॅडम म्हणाल्यात.”

आनंदानं पपनस चपलांच्या शेजारी ठेवलं, आत येऊन चहा घेतला आणि जाताना पपनस परत नेलं. गेटवर असंच चालायचं, त्यामुळे त्याला राग आला नाही. विहारातल्या गोजरबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. “जय भीम दादा” म्हणून त्यांनी बाटली पुढं केली, तर दादांनी जय भीम घेतला आणि बाटली परत केली. गोजरबाई कोपऱ्यात बसून सुंदराबाईंना म्हणाल्या, की तुमच्या मालकांपेक्षा पोलीस चौकी बरी, तिथं निदान आत तरी घेतात.

असा सगळा चोख बंदोबस्त होता. दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढला तेव्हा मॅडम चक्क हसल्या. गाठ थोडी आकसली होती. खोकला उतरला होता. चढली होती ती फक्त मुरमं. तोंडावरून गळ्यावर, गळ्यावरून छातीवर.

मग तो मातीचा दिवस आला. सुंदराबाईंनी ओल्या फडक्यानं लेप पुसून काढला, आणि शंकररावांनी आरशात पाहिलं. माती गेली होती, मुरमं होती तिथंच होती. उलट धुऊन निघाल्यामुळे ती अधिक टवटवीत दिसत होती. शंकरराव बराच वेळ आरशासमोर उभे राहिले.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. ॲसिडच्या खात्यात पितळेच्या पट्ट्या हौदात बुडवून काढत. हौदातलं ॲसिड कुठं ना कुठं सांडायचंच. ते सांडलं की फरशी फसफसायची, कामगाराच्या हातावर उडालं की फोड यायचा. त्यासाठी खांबाखांबाला सोड्याच्या बादल्या ठेवलेल्या असत. ॲसिड सांडलं की बादली उचलायची, सोडा ओतायचा. जोरात फेस येतो आणि ॲसिड मरतं. शंकररावांना हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्यांच्या हातांनाच ते पाठ होतं.

आता आरशात फोड दिसत होते. म्हणजे आत कुठं तरी सांडत होतं. गोळी जालीम होती हे मॅडमनीच सांगितलं होतं. मग हिशेब सरळ होता. स्वयंपाकघरात खायच्या सोड्याचा डबा होता, आणि खांबाला टेकून ठेवलेल्या बादलीसारखा तो इतके दिवस कोणी हात न लावता तिथं बसला होता.

त्यांनी सुंदराबाईंना चमचा मागितला. गोळीच्या आधी अर्धा चमचा सोडा पाण्यात, गोळीनंतर अर्धा, आणि दुपारचं जेवण झाल्यावर व रात्री निजताना एकेकदा, हौद रिकामा राहू नये म्हणून. सुंदराबाईंनी विचारलं, “मॅडमना विचारलंत का?”

“औषध घ्यायचं तर विचारायचं,” शंकरराव म्हणाले. “हे औषध नाही. ही खबरदारी आहे.”

सुंदराबाईंनी चमचा दिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या वाक्यापुढं थांबायचं हे बाईला कळतं.

बरं, सोड्यानं पोट फुगू लागलं, ढेकर यायला लागले. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या औषधाच्या दुकानात शंकरराव विक्रांतबरोबर ठरलेली औषधं आणायला गेले, तेव्हा त्यांनी गल्ल्यावरच्या सिंधी शेठला पोटाची तक्रार सांगितली. शेठ म्हणाला, “साईं, गॅस है, ये सुबह-शाम ले लो,” आणि एक पट्टी दिली. शंकररावांनी ती नीट उलटून पाहिली. मॅडमनी मनाई केली होती ती ॲसिडिटीच्या गोळीला. ही गॅसची होती. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला बंडल विडीचं आहे की सिगारेटचं हा फरक करायची परवानगी नसते. पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, कारण या वेळी खिसा त्यांचा स्वतःचा होता.

आणि मुरमं गेली.

एका दिवसात नाही, पण गेली. आधी छातीवरची, मग गळ्यावरची, शेवटी नाकावरची. तोंड असं निघालं की सुंदराबाईंना लग्नातला फोटो आठवला. शंकरराव विहारात गेले तर बायाबापड्या म्हणाल्या, दादा, तुमचा आजार गेला बघा, तोंडावर तेज आलंय. आनंदानं येऊन हनुवटीला हात लावून पाहिला आणि विचारलं, काय लावतोस? शंकररावांनी त्याला सोड्याची उपपत्ती सांगितली. आनंदानंही त्या बादल्या उचलल्या होत्या. त्याला लगेच पटली. दोघे बराच वेळ गॅलरीत बसून, इतकी साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसांना कशी सुचत नाही यावर हळहळले.

मग खोकला आला. पहिल्यांदा एखाद-दुसरा, दार वाजवून गेल्यासारखा. नंतर तो बसायलाच आला.

पुढच्या तारखेला मॅडमनी फोटो दिव्यापुढं धरला, आणि या वेळी त्या हसल्या नाहीत. गाठ पुन्हा वाढली होती. होती त्याहून थोडी मोठी. त्यांनी शंकररावांचा चेहरा पाहिला, गळा पाहिला, सदऱ्याची गुंडी काढायला लावून छाती पाहिली. एकही पुरळ नव्हतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. शंकररावांना ती आठी कौतुकाची वाटली.

“गोळी रोज घेताय ना?”

“एकही दिवस चुकवली नाही.”

“दुसरं काही औषध? चूर्ण? काढा?”

“काही नाही,” शंकरराव म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते.

मॅडम म्हणाल्या, की मग असं दिसतंय की ही गोळी तुमच्यावर चालेनाशी झाली. होतं असं काही जणांत. ती थांबवून सलाईनचं सुरू करावं लागेल. तुमच्या तब्येतीला ते जड जाणार आहे, हे मी लपवणार नाही. मंगळवारी या, तेव्हा नक्की ठरवू. त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. विक्रांतनं खिडकीकडं पाहिलं. सुंदराबाईंनी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली, आत काही घ्यायचं किंवा ठेवायचं नसताना.

रिक्षातून शंकरराव बाहेर बघत होते. फर्निचरची दुकानं, साड्यांची दुकानं, पाटीवर जीन्स आणि पाटीखाली जीन्स. सगळं तसंच चालू होतं. गोळी चालेनाशी झाली. हे वाक्य त्यांना आवडलं नाही. भीती होतीच, पण त्याहून एक जुनी सवय आडवी येत होती. कारखान्यात यंत्र कधी आपण होऊन ‘चालेनासं’ होत नसे. चालेनासं झालं की चौकशी बसायची. आणि चौकशीत पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

घरी आल्यावर त्यांनी विक्रांतला कामावर जायला सांगितलं, सुंदराबाईंना समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

“मागच्या फोटोपर्यंत सगळं ठीक होतं,” ते म्हणाले. “त्यानंतर या घरात काय बदललं?”

“हॉलमधला पंखा बदलला.”

“पंख्याचा संबंध नाही.”

“मग दूधवाला बदलला. तुम्हीच बदललात. पाणी घालतो म्हणून.”

“ते फोटोच्या आधी.”

“तुम्ही विचारताय म्हणून सांगते. मनालीनं पडदे—”

“पोटात जाणाऱ्या गोष्टी सांग.”

सुंदराबाई थांबल्या. त्यांनी उत्तर शोधलं म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. उत्तर केव्हाच सापडलेलं होतं, ते कुठं ठेवावं याचा विचार चालला होता.

“सोडा,” त्या म्हणाल्या.

शंकररावांना काही बोलायचं होतं, पण खोकला आला. खोकला थांबला तेव्हा बोलायचं होतं ते शिल्लक राहिलं नव्हतं. मुरमं गोळीमुळे उठली. सोड्यानं मुरमं गेली. तर मग सोड्यानं काय मेलं? ही बेरीज शाळकरी पोराला यावी. तिला तीन ओळी लागत होत्या, आणि त्यांना तितकेच महिने लागले होते.

त्यांनी आयुष्यात पुष्कळ चौकशा केल्या होत्या, आणि गंमत अशी, की सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघायचा: कामगाराचा अतिशहाणपणा. कोणी हातमोजे काढून ठेवले, कोणी झाकण उघडं टाकलं, कोणी नळी वळवली. कामगार समोर उभा असे आणि काहीतरी सांगू पाहत असे, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी व्हायची. आज निष्कर्ष तोच होता. फरक इतकाच की समिती, साक्षीदाराचा नवरा आणि कामगार एकाच खुर्चीत बसले होते, आणि ती खुर्ची लहान पडत होती.

“मॅडमना आत्ता फोन लावू या,” सुंदराबाई म्हणाल्या.

“मंगळवारी जायचंच आहे,” ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मंगळवारीही सांगायचं नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. सोडा आपण आपला बंद करावा आणि मॅडमना म्हणावं, अजून थोडे दिवस गोळीच देऊन पाहा. कोणाला कळणार होतं? इतकी वर्षं दुसऱ्यांचे खिसे तपासलेल्या माणसानं डॉक्टरणीसमोर उभं राहून खायच्या सोड्याची कबुली द्यायची, यापेक्षा सलाईन सोसवेल असं त्यांना क्षणभर वाटलं. माणसाला जिवापेक्षा अब्रू प्यारी असते म्हणतात. शंकररावांना आता कळत होतं, की तसं काही नसतं. फक्त अब्रूचा प्रश्न आधी दारात येऊन उभा राहतो आणि जिवाचा मागून येतो.

रविवारी ते विहारात गेले. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. सगळ्यांबरोबर ते एकेक शील म्हणत होते. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि त्यांचा आवाज अडकला. शेजारच्याला वाटलं खोकला. शंकररावांनीही तसंच वाटू दिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हेही त्या चौथ्यातच बसतं. शुक्रवारी मॅडमना त्यांनी ‘काही नाही’ सांगितलं तेव्हा ते खोटं नव्हतं; त्यांना ठाऊकच नव्हतं. मंगळवारी तेच सांगितलं तर ते खोटं होणार होतं. शब्द तेच आणि माणूस तोच.

मंगळवारी मॅडमच्या टेबलासमोर ते बसले नाहीत. उभे राहिले, हात मागं बांधून.

“मॅडम, एक घटना कळवायची आहे,” ते म्हणाले. “सदर कामगारानं, कोणालाही न विचारता, गोळीच्या आधी आणि नंतर, तसंच दुपारी आणि रात्री, खायचा सोडा पाण्यातून घेतला. सोड्यामुळे गॅस झाला म्हणून गॅसची गोळीही सकाळ-संध्याकाळ घेतली. सोडा सुरू झाल्यावर पुरळ गेलं आणि त्यानंतर खोकला परत आला. समितीच्या मते अपघाताचं कारण कामगाराचा अतिशहाणपणा हे आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कोण कामगार?”

“मी.”

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. गॅसच्या गोळीची पट्टी सुंदराबाईंनी पिशवीत आणली होती, ती मॅडमनी पाहिली आणि एक निःश्वास सोडला. ती ॲसिडिटीचीच होती. नाव वेगळं घेतलं म्हणून पोटाला फरक पडत नाही. मग त्यांनी समजावलं, की ही गोळी विरघळायला पोटात ॲसिड लागतं. तुम्ही सोड्यानं ते मारलंत, आणि उरलंसुरलं या गोळीनं. मग आमची गोळी विरघळणार कशात? पुष्कळशी ती आली तशीच पुढं गेली असेल. घेतलीत रोज, पण मिळाली किती, देव जाणे. वर इतका सोडा म्हणजे मीठच, रक्तदाबालाही वाईट.

“म्हणजे गोळी बिघडली नाही?” सुंदराबाईंनी विचारलं.

“ते मला आज सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “कदाचित खरंच चालेनाशी झाली असेल. कदाचित तिला चालूच दिलं नसेल. पण हे कळल्यावर आज मी ती बंद करणार नाही. सोडा बंद, ही पट्टी बंद, गोळी साध्या पाण्याबरोबर. काही आठवडे थांबून परत फोटो काढू. आणि त्यात पुरळ आलं तर खूश होऊन बसू नका, नाही आलं तर रडत बसू नका. पुरळ म्हणजे काही सर्टिफिकेट नाही.”

मग त्या म्हणाल्या, की चूक माझीही आहे. मी औषधं विचारली. तोंडात काय काय जातं ते विचारायला हवं होतं.

शंकरराव उठायला लागले. त्यांच्या दृष्टीनं चौकशी संपली होती.

“पण का घेतलात?” मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न त्यांच्या चौकशीत कधी नसायचा. त्यांनी ॲसिडचं सांगायला सुरुवात केली. हौद, फरशी, खांबाखांबाची बादली. मॅडम ऐकत राहिल्या. सगळं सांगून झालं तरी त्या ऐकतच राहिल्या, म्हणजे उत्तर अजून आलेलं नव्हतं.

“भीती वाटली,” शंकरराव म्हणाले.

“कशाची?”

“तिथं सांडलं की दिसायचं. धूर यायचा, वास यायचा, पळता यायचं. हे आत चाललंय, आणि मला काही दिसत नाही. नुसतं रोज उठून आरशात फोड बघायचे. काहीतरी हातात उचलावंसं वाटलं. मला ती बादलीच तेवढी ठाऊक होती.”

सुंदराबाई त्यांच्याकडं बघत होत्या. रोग कळल्याच्या दिवसापासून या माणसानं घरात एकही भित्रा शब्द काढला नव्हता. दारात खुर्ची टाकून बसला होता. ती खुर्ची कशासाठी होती ते त्यांना आत्ता कळलं. जिना उतरताना त्यांनी फक्त त्यांचा दंड धरला, आणि रिक्षा मिळाल्यावरही सोडला नाही.

घरी पोचल्यावर सोड्याचा डबा शेजारच्या इंदुबाईंकडं गेला. त्यांना ढोकळ्याला हवाच होता.

मग वाट बघणं सुरू झालं. मॅडमनी सर्टिफिकेट नाही म्हणून बजावलं होतं, तरी सकाळी उजेड आला की सुंदराबाई नवऱ्याला गॅलरीत उभं करत आणि त्यांचं तोंड इकडून तिकडं वळवून बघत, बाजारात वांगं बघावं तसं. पहिल्यांदा काहीच नव्हतं. तोंड लोण्यासारखं मऊ. एवढं नितळ तोंड पाहून घरात रोज सकाळी सुतकी कळा येई. मनाली ऑफिसला जाताना दारातून विचारी, “बाबा, आलं का काही?” आणि बाबा मान हलवत. आनंदा रोज चक्कर मारी. सोड्याला आपण मान डोलावली होती हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं, त्यामुळे तो आल्यावर काही न बोलता बसे आणि गेल्यावर बसल्यासारखा वाटे.

शेवटी एका सकाळी नाकाच्या डाव्या बाजूला लालसर काहीतरी दिसलं. सुंदराबाईंनी चष्मा पुसला. शंकररावांनी डास चावला असेल म्हणून सांगितलं, कारण आशा धरायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी डासाला भाऊबंद झाले. आठवडाभरात नाक, गाल, हनुवटी, सगळी जुनी मंडळी आपापल्या जागी येऊन बसली. आनंदा आला, त्यानं पाहिलं, आणि एकदम डोळे पुसायला लागला. “चांगला उठलाय रं,” एवढंच तो म्हणाला. गोजरबाई पाहायला आल्या, पण त्यांना कोणी आधीचं सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यांनी चेहरा पाहून हळहळ व्यक्त केली, तर घरातली सगळी माणसं त्यांच्याकडं बघून हसायला लागली. त्या रागावून गेल्या.

ठरलेल्या दिवशी मॅडमनी दोन फोटो शेजारी शेजारी धरले.

“वाढली?” शंकररावांनी विचारलं.

“नाही.”

“कमी झाली?”

“तसंही म्हणता येणार नाही. होती तेवढीच आहे. थांबलीय.” त्यांनी फोटो खाली ठेवले. “गोळी चालू ठेवू या. पुढं किती दिवस थांबेल ते मला सांगता येणार नाही, आणि सांगता येतं असं म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. पण आज सलाईन नाही.”

त्या संध्याकाळी शंकरराव गॅलरीत बसले होते. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती; मालक लाथेमागून लाथ मारत होता आणि स्कूटर ऐकत नव्हती. सुंदराबाई शेजारी येऊन बसल्या. थांबलीय, या शब्दाचं काय करायचं ते दोघांनाही नीट कळत नव्हतं. आग विझली म्हणता येत नव्हतं आणि पसरतेय म्हणताही येत नव्हतं. तशा आगीसमोर माणूस काय करतो? उभा राहतो. लक्ष ठेवतो. आणि जेवणाची वेळ झाली की जेवतो. मरण सगळ्यांचंच असं कुठंतरी थांबून असतं, शंकररावांच्या मनात आलं. फरक एवढाच, की त्यांना त्याचा पत्ता कळला होता आणि खाली लाथ मारणाऱ्या त्या माणसाला अजून कळला नव्हता. यात त्यांचं काही कमी होतं की जास्त, हे ठरत नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला. सुंदराबाई त्या खाकरण्याला ओळखत. एवढ्या सगळ्यातून गेल्यावर हा माणूस आता काहीतरी मोठं बोलणार, हे त्यांना कळलं, आणि या वेळी ते नीट ऐकून घ्यायचं असं ठरवून त्यांनी हातातलं काम मांडीवर ठेवलं.

“सुंदरा,” शंकरराव म्हणाले.

“बोला.”

“जरा पाठ खाजव. डाव्या खांद्याच्या खालीही पुरळ उठलंय, माझा हात पोचत नाही. नखं नको लावू, पदरानंच.”